डबलसीटचा हुकूम: ल्होकसुमावे शहरातलं एक परिपत्रक

एका शहराच्या महापौराने बायकांनी मोटरसायकलवर मागे कसं बसायचं याचं परिपत्रक काढलं, ही गोष्ट जानेवारी २०१३ मधली. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचेह प्रांत आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर ल्होकसुमावे नावाचं बंदराचं शहर आहे. तिथले तेव्हाचे महापौर सुआइदी याह्या यांचं म्हणणं असं, की प्रौढ बाईने गाडीवर डबलसीट जाताना दोन्हीकडे पाय टाकून बसू नये. एका बाजूला पाय सोडून बसावं.

बातमी जगभर फिरली. बऱ्याच ठिकाणी ती चमत्कारिक किस्सा म्हणून छापली गेली आणि आठवड्याभरात मागे पडली. माझ्या मनातून मात्र ती गेली नाही. मी ज्या घरात वाढले तिथे असा हुकूम कोणीच कधी काढला नव्हता, तरी तो अगदी कडक पाळला जायचा. आई, आत्या, शेजारच्या सगळ्या काकू स्कूटरवर मागे एका बाजूलाच बसायच्या. त्यांना कुणी तसं सांगितल्याचं आठवत नाही, कुणी विचारल्याचंही आठवत नाही. आचेहमध्ये तीच गोष्ट कागदावर उतरली, खाली सह्या झाल्या, आणि कागदावर उतरल्यामुळे ती तपासता येते. म्हणून हे प्रकरण सगळंच लिहून काढते आहे.

कागदावर काय होतं

परिपत्रक महापौरांच्या एकट्याच्या सहीचं नव्हतं. नगर परिषदेचे अध्यक्ष, उलेमांच्या, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांच्या, मंडळाचे प्रमुख आणि आचेहच्या रूढी-परंपरा सांभाळणाऱ्या मंडळाचे प्रमुख यांच्याही सह्या होत्या. म्हणजे प्रशासन, निवडून आलेले लोक, धर्म आणि रूढी असे चौघे एका कागदावर आले. उद्देश दोन सांगितले होते: शरियतची पूर्ण अंमलबजावणी आणि आचेहच्या संस्कृतीचा मान राखणं.

पहिलंच कलम महत्त्वाचं. प्रौढ बाईला गाडीवर मागे बसवून नेणारा पुरुष महरम असो, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा जवळचा नातलग असो, परका असो, की तिचा नवरा असो, तिने दोन्हीकडे पाय टाकून बसू नये. या बसण्याला इंडोनेशियन भाषेत जो शब्द आहे तो लिहून पुढे कंसात आचेहचा बोलीतला शब्द दिला होता, ‘दुएक फांग’. आणि कलमाच्या शेवटी एक सवलत: नाइलाज असेल, तातडीची वेळ असेल, तर चालेल.

बाकीची कलमं पटकन सांगता येतात. गाडीवर मिठी मारणं, एकमेकांना धरून बसणं असं असभ्य वागू नये. शरियतला धरून नसलेले कपडे घालू नयेत, आणि हे बायका-पुरुष दोघांनाही. गावोगावच्या मुखियांनी आणि कचेऱ्यांच्या प्रमुखांनी हे लोकांपर्यंत पोचवावं.

पहिल्या कलमाकडे परत येते, कारण त्यात तीन गोष्टी नीट वाचण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे नवरा. नियमाचं कारण परपुरुषाचा स्पर्श हे असतं, तर नवऱ्याच्या मागे बसलेल्या बाईला त्यातून वगळलं असतं. तसं केलेलं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीवरसुद्धा तिने पाय एकीकडेच ठेवायचे. तेव्हा प्रश्न स्पर्शाचा नव्हता, रस्त्यावरच्या लोकांना ती कशी दिसते याचा होता. महापौरांनी पत्रकारांना दिलेलं स्पष्टीकरण याला धरूनच होतं. बाई दोन्हीकडे पाय टाकून बसली की पुरुषासारखी दिसते, एका बाजूला बसली की बाईसारखी दिसते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

दुसरी गोष्ट चालवणाऱ्या बाईची. स्वतः गाडी चालवणाऱ्या बाईचं काय, असं विचारल्यावर तिने अंगभर, धर्माला शोभेल असे कपडे घातले असतील तर हरकत नाही, असं उत्तर आलं. दुसरं उत्तर देताच आलं नसतं, एका बाजूला पाय सोडून मोटरसायकल चालवता येत नाही. म्हणजे तीच बाई, तोच रस्ता, तीच गाडी. हँडल हातात असेल तर तिने पाय दोन्हीकडे टाकले तरी चालतं, मागे बसली की तेच अशोभनीय होतं. हे प्रकरण मला ‘बायका आणि मोटरसायकल’ या नेहमीच्या मथळ्याखाली बसवता येत नाही ते यामुळे. बायकांना गाडी चालवू द्यायची की नाही यावर जगात खूप लिहिलं गेलं. सौदी अरेबियात जून २०१८ मध्ये ती बंदी उठली तेव्हा तर रोज बातम्या होत्या. मागच्या सीटवरच्या बाईकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि आपल्याकडे काय किंवा आचेहमध्ये काय, मागे बसलेल्या बायका अजून खूप आहेत.

तिसरी गोष्ट त्या सवलतीची. तिच्याकडे पुढे येते.

हे शहर आणि तिथवर आलेली वाट

आचेहमध्ये शरियत पूर्वापार लागू होती आणि महापौरांनी फक्त एक कलम वाढवलं, असं समजणं चूक ठरेल. १९७६ साली आचेहमध्ये स्वतंत्र राष्ट्रासाठी सशस्त्र बंड सुरू झालं. बंडखोरांची मुख्य मागणी स्वातंत्र्याची होती. शरियत ही जकार्ताने देऊ केलेली गोष्ट. १९९९ च्या आणि मग २००१ च्या कायद्याने केंद्र सरकारने या प्रांताला धर्माच्या बाबतीत स्वतःचे नियम करायची मुभा दिली. बंड शांत व्हावं हा त्यामागचा हिशेब होता. बंड काही शांत झालं नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, एकट्या आचेहमध्ये दीड लाखाहून जास्त माणसं गेली, आणि त्या धक्क्यानंतर १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत शांतता करार झाला. २००६ च्या कायद्याने आचेहची स्वायत्तता पक्की झाली. शरियत पोलीस, ज्यांना तिथे विलायतुल हिस्बाह म्हणतात, आधीपासून होतेच. ते राहिले.

करारानंतर बंडखोरांचा स्थानिक पक्ष झाला आणि निवडणुका जिंकू लागला. महापौर सुआइदी याह्या त्याच पक्षाचे, २०१२ मध्ये निवडून आलेले. परिपत्रक निघालं तेव्हा त्यांना खुर्चीवर बसून एक वर्षसुद्धा झालं नव्हतं.

शहराचं पोट मात्र दुसरीकडे होतं. ल्होकसुमावेजवळ १९७१ मध्ये अरुण नावाचं नैसर्गिक वायूचं प्रचंड क्षेत्र सापडलं. वायू थंड करून, द्रवरूपात जहाजांतून परदेशी पाठवणारा कारखाना तिथे उभा राहिला आणि त्यावर शहर वाढलं. पण वायू संपत आला होता. शेवटचं जहाज २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गेलं. म्हणजे ज्या जानेवारीत बायकांच्या पायांवर परिपत्रक निघालं, त्या जानेवारीत शहराचा सगळ्यात मोठा धंदा दिवस मोजत होता. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडणारा कागद माझ्याकडे नाही, ही माझी समजूत आहे आणि ती मी समजूत म्हणूनच मांडते. महापौराला वायू परत आणता येत नाही. कारखान्यात गेलेली नोकरी परत देता येत नाही. बाईने गाडीवर कसं बसावं हे मात्र एका सहीने सांगता येतं, त्याला पैसा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा परिणाम दिसतो. आपल्या गावातही पाण्याचा प्रश्न सुटत नाही तेव्हा मुलींच्या जीन्सवर आणि मोबाईलवर ठराव होतात, हे आपण वाचलेलं आहे.

आचेहमध्येही हा पहिला प्रयोग नव्हता. २०१० च्या सुरुवातीला पश्चिम आचेह जिल्ह्यात बायकांच्या घट्ट पँटींवर बंदी आली. जिल्हाप्रमुखांनी हजारो लांब स्कर्ट शिवून घेतले होते, तपासणीत सापडलेल्या बाईला ते द्यायचे म्हणून. हे दोन आदेश शेजारी ठेवून पाहा. लांब, पायघोळ स्कर्ट घातला की गाडीवर दोन्हीकडे पाय टाकणं आपोआपच कठीण होतं. आधी कपडा ठरवला, मग बसणं ठरवलं. आपल्याकडे पाचवारी साडीने दुसरं काय केलं?

संस्कृतीचं कारण

परिपत्रकावर आक्षेप लगेच आले. बायकांवरील हिंसाचाराबाबतच्या राष्ट्रीय आयोगाने विरोध केला. मुस्लिम विचारवंत उलिल अबशर अब्दल्ला यांनी मोटरसायकलवर कसं बसावं हे शरियतमध्ये कुठेच सांगितलेलं नाही, हा मुद्दा मांडला. जकार्तातल्या गृहमंत्रालयाला या आदेशाकडे पाहावं लागलं. धर्माच्या आधाराला असं आव्हान मिळालं की उरतं ते संस्कृतीचं कारण: दोन्हीकडे पाय टाकून बसणं ही आचेहच्या बाईची रीत नाही.

हे कारण मला सगळ्यात जास्त खटकलं. आचेहच्या बाईचा पारंपरिक पोशाख पाहिला तर त्यात विजार आहे. लग्नात, समारंभात आजही घालतात तो पोशाख असा: वर सैल लांब अंगरखा, कमरेला गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं जरीकाठी वस्त्र आणि त्याखाली ढगळ विजार. तिला ‘चेकाक मुसांग’ म्हणतात. इंडोनेशियातल्या बाकीच्या अनेक भागांत बाईचा जुना पोशाख म्हणजे पायात घट्ट गुंडाळलेलं वस्त्र, ज्यात मोठं पाऊलसुद्धा टाकता येत नाही. आचेहमध्ये तसं नव्हतं. पाय मोकळे ठेवणारा कपडा ही तिथली रीत होती.

आणि तो कपडा घालून तिथल्या बायकांनी काय काय केलं हेही तिथल्या शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला मलाहयाती नावाची बाई आचेहच्या आरमाराची सेनापती होती. १५९९ मध्ये कॉर्नेलिस द हाउटमन हा डच नाविक आचेहच्या किनाऱ्यावर मारला गेला, आणि त्याला मारल्याचं श्रेय तिला दिलं जातं. १६४१ ते १६९९ या काळात आचेहच्या गादीवर एकामागून एक चार राण्या बसल्या. डचांशी चाललेल्या दीर्घ लढ्यात कुट न्याक धिएन जंगलात लढत राहिली, म्हातारपणी डोळे अधू झाल्यावरही. शेवटी पकडून तिला जावा बेटावर सुमेदांगला पाठवलं आणि १९०८ मध्ये ती तिथे वारली. कुट मेउतिया तर ल्होकसुमावेच्या शेजारच्या उत्तर आचेहमधली. १९१० मध्ये लढताना मारली गेली. आणि १९७६ नंतरच्या बंडातसुद्धा बायकांची तुकडी होती. तिचं नाव ‘इनोंग बली’, मलाहयातीच्या विधवांच्या सैन्याची आठवण म्हणून ठेवलेलं. पुरुष लपले, पळाले किंवा मारले गेले तेव्हा शेत आणि बाजार बायकांनी सांभाळला. करार झाला तेव्हा वाटाघाटींच्या टेबलावर बाया जवळजवळ नव्हत्याच.

इथे थोडं थांबून आपल्याकडचं सांगते, कारण नात्याचा धागा खरा आहे. नऊवारी नेसताना ओचा झाला की मधला काठ दोन्ही पायांमधून मागे घेऊन कमरेत घट्ट खोचतात, तो कासोटा. एकदा कासोटा खोचला की बाई वाकते, चढते, उडी मारते, घोड्यावर बसते, नांगरामागे चालते. पाय अडकत नाही. मी पहिल्यांदा नऊवारी नेसून मोटरसायकलवर बसले ती गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत. आजीने कासोटा ओढून पाठीमागे खोचला आणि म्हणाली, “आता धाव.” गाडीवर पाय टाकला तर पँटमध्ये वाटतं तितकंच मोकळं वाटलं. गिरगावात, डोंबिवलीत, ठाण्यात दरवर्षी नऊवारी, नथ आणि फेटा घालून बायका बुलेट चालवतात त्याचे फोटो सगळे पाहतात. लोकांना ते जुन्या-नव्याचं मिश्रण वाटतं. प्रत्यक्षात त्यात नवीन आहे ती फक्त बुलेट. दोन्हीकडे पाय टाकून बसायची सोय त्या लुगड्यात पहिल्यापासून आहे. मध्ये पाचवारी आली, सभ्य घरातल्या बायकांची झाली, कासोटा सुटला, आणि आपण एका बाजूला बसायला शिकलो. मग त्यालाच परंपरा म्हणू लागलो.

आचेहमध्येही तसंच झालं असावं असं मला वाटतं. रीत म्हणून जी सांगितली जाते ती पुष्कळदा एक-दोन पिढ्यांचीच असते.

तोल

आता त्या सवलतीकडे. तातडीची वेळ असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसलं तरी चालेल, असं परिपत्रकच म्हणतं. म्हणजे जेव्हा लवकर पोचायचं आहे, जेव्हा बाई आजारी आहे, जेव्हा रस्ता वाईट आहे, तेव्हा कसं बसणं बरं हे लिहिणाऱ्यांना नक्की ठाऊक होतं. सुरक्षित पद्धत कोणती, यावर वादच नव्हता. रोजच्या दिवशी ती पद्धत बाईला मिळू नये एवढंच ठरलं होतं.

एका बाजूला बसलं की काय होतं ते गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. इंडोनेशियातही आपल्यासारखंच डावीकडून गाड्या चालतात, त्यामुळे मागे बसणारी बाई पाय डावीकडे सोडते. तिचं वजन सीटच्या मधोमध न येता डावीकडे झुकतं. चालवणारा नकळत गाडी उजवीकडे तोलून धरतो, हळू वेगात तर हँडल सतत सावरावं लागतं. मागचीच्या मांड्यांत धरायला काहीच नसतं. दोन्हीकडे पाय असले तर गुडघे आणि मांड्या गाडीला धरून ठेवतात, दोन पाय दोन फूटरेस्टवर दाबून खड्ड्यावरून अंग उचलता येतं. एका बाजूला बसलेल्या बाईचे दोन्ही पाय एकाच फूटरेस्टवर, तेही अर्धे लोंबते. एका हातात बहुतेक वेळा पिशवी किंवा पदर. उरला एक हात, तो चालवणाऱ्याच्या खांद्यावर किंवा सीटमागच्या दांड्यावर. मांडीवर मूल असेल तर तोही हात उरत नाही. ब्रेक लागला की ती सीटवरून पुढे घसरते, गाडीने एकदम उचल खाल्ली की मागे, आणि पाठीमागे टेकायला काही नसतं.

माझी आत्या अशीच पडली. मी तेव्हा सातवीत होते. काकांच्या स्कूटरवर मागे आत्या, तिच्या मांडीवर दीड वर्षांचा माझा आतेभाऊ, हातात भाजीची पिशवी. एसटी स्टँडच्या पुढे नवा गतिरोधक केला होता, त्यावर पांढरे पट्टे अजून मारायचे होते. स्कूटर उडाली आणि आत्या पाठीवर रस्त्यावर. मूल तिने छातीशी धरून ठेवलं, त्याला खरचटलंही नाही. तिचं मनगट मोडलं आणि डोक्याला टाके पडले. मला अजून आठवतं ते त्यानंतर घरी आलेल्या माणसांचं बोलणं. जो तो विचारत होता, “अगं, नीट धरून बसायचं ना?” ज्या पद्धतीने बसवलं होतं त्यात धरायला जागाच नव्हती हे कोणाच्या तोंडून आलं नाही. तिच्या स्वतःच्यासुद्धा नाही. ती म्हणत होती, “माझंच लक्ष नव्हतं.”

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते मी नंतर कधीतरी काढून वाचलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसवता येतो, आणि त्याने चालकाच्या सीटमागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवर, सुरक्षेच्या सोयींसह बसायला हवं. पाय कुठे ठेवायचे याबद्दल एक अक्षर नाही. गंमत म्हणजे त्याच साली झालेल्या ब्रिटनच्या रस्ते वाहतूक कायद्यातलं कलम २३ जवळजवळ याच शब्दांचं आहे. फरक एवढाच, की तिथे मागच्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसायला हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. तेवढे शब्द आपल्या कायद्यात नाहीत. त्याऐवजी आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे: मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं आवरण. तेच आपलं साडीगार्ड. बाई एका बाजूला पाय सोडून, साडी किंवा ओढणी घेऊन बसणार हे धरून चालून गाडीलाच लोखंडी जाळी लावली.

साडीगार्डमुळे असंख्य जीव वाचले असतील आणि ते असायलाच हवं, यात मला शंका नाही. पण बाई कशी बसेल हा प्रश्न आपण बाजूला ठेवला आणि जाळीवर भागवलं, हेही खरं. आचेहच्या महापौरांनी बसणं बंधनकारक केलं, आपण ते गृहीत धरलं. पडणाऱ्या बाईला यातला फरक जाणवत नाही. दिल्लीत तर २०१४ च्या ऑगस्टपर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीच नव्हती. बाईच्या डोक्यालाही सवलत मिळत होती!

पुढे काय झालं

परिपत्रक हे आवाहन होतं, त्याला आचेहच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याची ताकद नव्हती आणि त्यात शिक्षा लिहिलेली नव्हती. काही काळ लोकांना समजावायचं, मग त्याचा कायदा करायचा, असा बेत महापौरांनी सांगितला होता. शिक्षा नाही म्हणून हे सौम्य होतं असं कोणी म्हणेल, त्याच्याशी मी सहमत नाही. शिक्षा नसलेल्या हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांऐवजी नातलग, शेजारी आणि रस्त्यावरचे अनोळखी लोक करतात. पोलिसाशी निदान वाद घालता येतो, पावती मागता येते. “सून कशी बसते बघितलंस का” असं म्हणणाऱ्या शेजारणीकडे कुठली पावती मागणार?

आणि एक आदेश निघाला की पुढच्याला रस्ता मोकळा होतो, हेही आचेहमध्ये दिसलं. २०१५ मध्ये उत्तर आचेहमध्ये लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनी एका मोटरसायकलवर बसू नये असा नियम आला. त्याच वर्षी राजधानी बंदा आचेहमध्ये रात्री अकरानंतर बायकांनी कॉफीहाऊस आणि तशा ठिकाणी एकटं असू नये असा आदेश निघाला, आणि तो काढणाऱ्या महापौर स्वतः बाई होत्या, इलिझा साआदुद्दीन जमाल. २०१८ मध्ये बिरेउएन जिल्ह्यात एकमेकांशी लग्नाचं किंवा महरमचं नातं नसलेल्या स्त्री-पुरुषांनी एका टेबलावर जेवायला बसण्यावरही परिपत्रक आलं. प्रत्येक आदेश एकटा पाहिला तर लहान वाटतो. ओळीने लावले की गाडीवर कसं बसायचं इथून सुरुवात होऊन गाडीवर कोणाबरोबर बसायचं, रात्री कुठे बसायचं, जेवायला कोणासमोर बसायचं इथवर सगळं बसणं त्यात येतं.

२०१६ च्या अखेरीला इंडोनेशियाने नव्या नोटा काढल्या. एक हजार रुपियाच्या नोटेवर कुट मेउतियाचा चेहरा आला, आणि आचेहमध्ये काहींनी त्यावरही हरकत घेतली, तिच्या डोक्यावर रुमाल नाही म्हणून. डचांच्या गोळीने मेलेल्या बाईलासुद्धा शंभर वर्षांनी नीट दिसायला सांगितलं गेलं.

आत्या आता चौसष्ट वर्षांची आहे. काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी तिने गिअर नसलेली गाडी घेतली, गल्लीतल्या मैदानात पंधरा दिवस शिकली. बँकेत, भाजीला, दवाखान्यात ती स्वतः जाते. गेल्या दिवाळीत मी गेले होते तेव्हा म्हणाली, चल, तुळशीबागेत जाऊन येऊ. मी साडी नेसले होते. सवयीने तिच्या मागे एका बाजूला बसले आणि तिने किल्ली फिरवलीच नाही.

“उतर,” ती म्हणाली. “दोन्हीकडे पाय टाकून बस. तशी बसलीस तर मला तोल सांभाळता येत नाही.”

मी साडी वर केली, निऱ्या गुडघ्यांमध्ये दाबल्या आणि बसले.